अप्पांचा उपदेश, माझ्या तोंडून

अप्पांच्या ऐंशीव्या वर्षाची शांत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना झोपाळ्यासमोर चटईवर बसवलं. घर आणि शेत भावाच्या नावावर आधीच झालं होतं. आता आयुष्यात जे शिकलो ते द्यायचंय, म्हणाले. चेन्नईहून आलेला भाऊ, वहिनी, त्यांच्या दोघी मुली बसल्या. मीही बसले. आईच्या आजारपणात शाळेतली नोकरी सोडून मी इथं आले ती अप्पांसाठी राहूनच गेले. माझ्यासाठीही एखादं वाक्य निघेल, अशी आशा होती. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाटच पाहत होते.

पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आम्हा मराठी लोकांच्या, राजवाड्यामागच्या गल्लीत भाजी तमिळमध्ये घेतात, भांडतातही तमिळमध्येच, पण उपदेश मात्र मराठीत, ऐकणाऱ्याला कळो न कळो. मुलींची मराठी 'ये, बस, जेव' इथंच संपते. भावाचीही गंजली आहे. तेव्हा अप्पांनी बोलायचं आणि मी तमिळमध्ये सांगायचं, असं झालं. मला कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"खरं बोलावं." सांगितलं.

"कोण्हाचे कष्ट फुकट घेऊ नये." तेही सांगितलं.

"म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकू नये. तुमच्या बापानं मज टाकलं नाही."

पोंगलला आणि दिवाळीला तोंड दाखवणारा भाऊ मान खाली घालून बसला होता. खरं बोलावं हे सांगून झालं त्याला अजून घोटभर कॉफी प्यायचाही वेळ गेला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी एक शब्द न बदलता मी ते मुलींना सांगितलं.

मग त्यांनी एकेकाला जवळ बोलावलं. भावाला, वहिनीला, मुलींना वेगळं वेगळं सांगितलं. तेही माझ्याच तोंडून गेलं. आणि अप्पा खांद्यावरचं उपरणं सावरत उठले.

धाकटीनं तमिळमध्ये विचारलं, "आजोबा, आत्याला काहीच नाही?"

अप्पा थांबले.

"तिला काय सांगायचं? ती कुठं जातेय?" पोरीला समजावं म्हणून हे ते स्वतःच तमिळमध्ये बोलले. तेवढं एक वाक्य मला कुणाला सांगावं लागलं नाही.