जातानाचं तिकीट

विमानाचं तिकीट काढायचं म्हणजे मला विचारायचं, हा रिवाज आमच्या घरात मीच पाडला होता. गावात कुणाचा मुलगा दुबईला निघाला, कुणाला सिंगापूर बघायचं असलं, की मी मोबाइल घेऊन बसायचो आणि त्यांना कुठे सापडला नसेल असा भाव काढून दाखवायचो. तसा मी शेजारच्या वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅच बघतो. दिवसभर खोकी, वजनं आणि ट्रकवाले. पण आमच्या राहनाळ गावात माझी कॉलर ताठ होती ती या तिकिटांमुळे.

धाकटी बहीण कॅनडात. कितीतरी वर्षांत ती माहेरी आली नव्हती. गेल्या भाऊबीजेला तिने फोनसमोर निरांजन ओवाळलं आणि मी सगळ्यांच्या देखत बोलून गेलो, "यंदा ओवाळणी म्हणून तुझं तिकीट. नाताळच्या सुट्टीत ये." आईने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, पण खरं सांगायचं तर ते स्वतःच्याच कौतुकाने.

मग भाव बघितले आणि तोंडचं पाणी पळालं. नाताळात सगळं जगच आपापल्या घरी निघालेलं असतं. बहिणीला रजा तेवढीच मिळणार होती, त्यामुळे तारखा मागेपुढे करायला वाव नव्हता. गोदामात गाडी भरली जात असताना, जेवताना, देवळाच्या रांगेत, मी सतत तेच बघत होतो. पुन्हापुन्हा बघितलं की भाव चढतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बायकोच्या फोनवरून बघायला लागलो. बहीण तिकडून म्हणायची, "दादा, राहू दे, मी काढते." मी म्हणायचो, "तू गप्प बस, तुला फसवतील."

शेवटी युक्ती सापडली. येताना एक कंपनी, जाताना दुसरी. दोन्ही तिकिटं वेगवेगळी घेतली की भाव एकदम खाली येत होता. मी ताबडतोब काढली, तारखा आणि वेळा बहिणीला पाठवल्या, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ही युक्ती चार जणांना ऐकवली.

ती आली. मुलांना नवऱ्यापाशी ठेवून, भलीमोठी बॅग ढकलत आली, चॉकलेटं, स्वेटर, आईसाठी गुडघ्याचा पट्टा. घर भरून गेलं. त्या दिवसांबद्दल काही लिहीत नाही, कारण ते सुखाचे होते आणि मला त्यांची आठवण आता सरळ काढता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तीच बॅग आईने स्वतः भरली. उन्हाळ्यात कुटलेला मसाला, सुके बोंबील, सुकट, राहिलेल्या तुकड्यात पिकवलेला घरचा तांदूळ. आमची बाकी जमीन गोदामाखाली गेली, पण तेवढ्या तुकड्याचा तांदूळ आई कुणाला विकू देत नाही. बोंबील तिने इतक्या पिशव्यांत गुंडाळले की बहीण हसायला लागली. "आई, पोलीस पकडतील मला." आई म्हणाली, "पकडू दे. त्यांनाबी दे दोन." सकाळी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, खण, नारळ. लेक माहेराहून रिकामी जात नाही, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, इतकं ते ठरलेलं असतं.

तिला सोडायला मीच गेलो. विमानतळाच्या दारातून ती आत गेली आणि मी बाहेर कठड्याला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळाने फोन आला.

"दादा, जायच्या तिकिटात बॅगच नाहीये."

"म्हणजे?"

"फक्त हातातली पिशवी चालेल म्हणतात. बॅगचे वेगळे पैसे. खूप सांगतायत."

मी फोनवर तिकीट उघडलं. तिथे लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, पण लिहिलेलं होतं. गोदामात माझं एक वाक्य प्रसिद्ध आहे. ड्रायव्हर लोक माझी नक्कल करतात त्याची. "वजन नहीं लिखा तो गाडी नहीं हिलेगी." खोक्यावर वजन नसेल तर मी माणसाला माघारी पाठवतो. आणि सख्ख्या बहिणीचं तिकीट मी वजन न बघता घेतलं होतं.

पण लाज वाटते ती याची नाही. चूक कुणाचीही होते. तिने आकडा सांगितला, आणि माझ्या खिशात कार्ड होतं. मी तिकिटावरचा भावच बघत राहिलो. तेवढ्यात तीच म्हणाली, "राहू दे दादा, उगाच कशाला. माझे कपडे वगैरे पिशवीत घालते, बाकी तू परत ने." आणि मी "बरं" म्हणालो. किती पटकन म्हणालो! इतकं खटपटीने स्वस्त केलेलं तिकीट आता महाग पडणार नाही, या विचाराने मला सुटल्यासारखं झालं होतं.

ती दारापाशी आली. शिपायाने बॅग बाहेर घेऊ दिली. बॅगेवर ओटीचा नारळही ठेवलेला होता. तोही हातातल्या पिशवीतून नेता येत नाही म्हणाले. खण आणि हळकुंड तिने पर्समध्ये घातलं होतं. "आईला सांगू नकोस," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तरी ती माझ्याकडे बघून हसत होती. ते हसू मला वाचवण्यासाठी होतं.

बॅग डिकीत टाकून मी परत आलो. घरात न्यायची हिंमत झाली नाही. गोदामात ठेवावी तर बोंबलांचा वास सगळ्या शिफ्टला कळला असता. तशीच डिकीत राहिली. वळणावर नारळ गडगडत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचा. मधे आईला दवाखान्यात नेलं, तेव्हा मी सगळ्या काचा उघड्या ठेवल्या. वळणावर नारळ गडगडला तेव्हा तिने एकदा मागे बघितलं.

रविवारी बहिणीचा फोन आला. आईने मला शेजारी बसवून घेतलं.

"मसाला कसा झालाय गं?"

"तिखट आहे, पण मस्त. काल कालवण केलं."

"आन् नारळ फोडला का?"

"फोडला ना. गोड निघाला."

"गोडच निघनार," आई म्हणाली, "माझ्या हातानं निवडलेला." मग नातवंडांची चौकशी झाली, थंडीची झाली, आणि फोन बंद झाला. मी उठायला लागलो.

"गाडीतनं त्यो नारळ काढ आता," आई म्हणाली. "उन्हानं तडकंल."

मी परत खाली बसलो.

"दवाखान्यात जाताना कळलं मला. माझ्या मसाल्याचा वास मला कळनार न्हाय व्हय?" ती भिंतीकडे बघत बोलत होती. "तिला सांगू नको मला ठावं हाय म्हणून. रडंल पोर."

"आई, माझी चूक..."

"न्हाय रं, तू लय खटपट केलीस," ती म्हणाली. "पुढल्या भाऊबीजेला तिला साडीच घे."