येलदरीच्या माळावरचे धोंडे

माझा थोरला भाऊ पुण्यात नोकरीला होता. तिथं एका मोठ्या शेडमध्ये चढाईची खोटी भिंत आहे, लाकडी, रंगीबेरंगी खुंट्या ठोकलेली. ऑफिस सुटलं की तो तिथं जायचा. मला फोनवर सांगायचा तेव्हा मला वाटायचं, दमून आल्यावर भिंतीवर कोण चढतं?

मग सगळ्यांचीच ऑफिसं घरात आली आणि तो गावी, बोरीला परतला. दुपारपर्यंत लॅपटॉप, नंतर मोटारसायकल काढून भटकणं. एके दिवशी तो उन्हानं लाल होऊन आला तो आनंदानं बोलतच. येलदरीकडच्या माळावर त्याला काळे धोंडे सापडले होते. कुणी घराएवढे, कुणी बैलगाडीएवढे, एकमेकांना टेकून बसलेले.

"अगं, लोक हंपीला जातात यासाठी," तो म्हणाला. "आणि हे आपल्या दारात पडलेत."

त्यानं जिंतूरच्या गादीवाल्याकडून जाड फोमची घडीची गादी शिवून घेतली. खाली पडलं तर त्यावर पडायचं. ती पाठीवर बांधून मी मागं बसले की रस्त्यावरचे लोक विचारायचे, "मुक्कामाला चाललाव का?" दादा हसून हात करायचा.

मी तेव्हा गावातल्याच शाळेत शिकवायला लागले होते. रविवारी आम्ही जायचो. बोटांना पांढरी भुकटी लावत तो मला सांगायचा, की आधी चढाई म्हणजे शिखर गाठणं एवढंच होतं. मोठ्या कड्यांचा सराव म्हणून लोक पायथ्याच्या धोंड्यांवर चढायचे. पुढं काहींना त्या धोंड्यांचंच वेड लागलं. दोर नाही, शिखर नाही, फक्त दोन-चार अवघड हालचाली, त्यासाठी महिनोन् महिने. फ्रान्समधल्या कुठल्याशा जंगलात हे फार वर्षांपासून चालत आलंय; आता तर ऑलिम्पिकमध्येही आहे. सांगताना तो खडकावरून असा हात फिरवायचा, जसा आपण गुराच्या पाठीवरून फिरवतो.

पहिल्यांदा मी वर पोचले आणि उभी राहिले तेव्हा लांब येलदरीचं पाणी चमकताना दिसलं. खालून तो ओरडला, "आता उतर! उतरणं जास्त अवघड असतंय!"

त्याच हिवाळ्यात तो एका सोप्या जागेवरून निसटला. रोजची जागा, डोळे मिटून चढायचा ती. गादीवर पडला, उठला, उजव्या हाताकडे बघत राहिला. "बोटं ऐकंनात," म्हणाला. आम्हाला वाटलं, जास्त झालं असेल. त्यानं हाताला आराम दिला. मग शर्टाची बटणं लावता येईनात. मग चहाचा कप.

नांदेडला दाखवलं, हैदराबादला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्यात. त्यावर औषध नाही. दादानं एकच विचारलं, "पायपण जातील का?"

"हो."

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. माय घरी वाट बघत होती. तिला आम्ही अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. ती काही खुळी नव्हती. तिनं त्याच्या ताटातली भाकर चुरून द्यायला सुरुवात केली.

काही दिवस मी त्याला माळावर नेत राहिले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून तो सांगायचा, "डावा पाय वर घे. कंबर खडकाला चिकटव. घाई नको." त्याच्या आवाजावर मी चढायचे. हळूहळू तो आवाजही जड झाला, शब्द तोंडातच विरघळायला लागले. एका दुपारी मी वरून खाली बघितलं तर त्यानं मान दुसरीकडे वळवली होती.

घरी आल्यावर म्हणाला, "मला आता नेऊ नको. बघवत नाही." थोड्या वेळानं कष्टानं पुढचं बोलला, "तू जा."

मी जात राहिले. त्याला काही सांगायचे नाही. पण संध्याकाळी त्याला पाणी पाजताना माझी बोटं त्याच्या हनुवटीला लागली, की तो डोळे मिटून घ्यायचा. खडकानं सोललेली, खरबरीत झालेली बोटं. कुठं जाऊन आले ते त्याला कळायचं.

तो गेला तेव्हा सकाळ होती, माय अंगणात सडा टाकत होती. विहारातली मंडळी आली, त्रिशरण-पंचशील झालं, नातेवाईक आले आणि गेले. माय रडली नाही. सगळे म्हणायचे, बाई लय धीराची.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "मला ते दाव. कुठं जायचा ते."

मी तिला घेऊन गेले. माळावर वारा होता. ती पदर सावरत त्या मोठ्या धोंड्याभोवती एक फेरी मारून आली.

"ह्योच?"

"ह्योच, माय."

"मला वाटलं व्हतं, लय मोठा डोंगर असंल. मी रोज भ्यायची. ह्यो तर आपल्या घराएवढाच हाय की."

"हां."

"मंग एवढ्यावरून पडला तर काय व्हणार व्हतं त्याला," ती म्हणाली. "उगंच भ्याले मी. भ्यायचं ते दुसरंच व्हतं."

आणि मग ती तिथंच, धोंड्याला पाठ लावून खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही.