हातात शिंग असलेली लक्ष्मी

जुनं नाणं हाती आलं की सदानंदराव ते आधी उलटं करत. राजाच्या तोंडाकडे पाहायचेच नाहीत. ‘‘राजे सगळे छाती काढूनच उभे असतात. मनातून कोणाला भीत होते, ते मागचा देव सांगतो,’’ असं त्यांचं म्हणणं. फोर्टातल्या आमच्या कचेरीत ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. नाण्यांविषयी बोलायला कचेरीत एकटा मी, आणि गिरगावात घरी वहिनी. मूलबाळ नव्हतं.

एकदा भुलेश्वरच्या सोनाराने आटवायला काढलेलं एक कुशाण राजाचं सोन्याचं नाणं त्यांनी वाचवून आणलं. मागे सिंहासनावर बसलेली देवी. वहिनी म्हणाल्या, ‘‘ही लक्ष्मी माझ्या देवघरात राहू दे.’’ सदानंदराव हो म्हणाले. वहिनी दिवसभर घरात एकट्या. त्या देवीशी बोलत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तिला सांगत. मी स्वतः ऐकलं आहे.

वर्षभराने सदानंदरावांनी भिंग घेऊन कडेची ग्रीक अक्षरं लावली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो.

‘‘अगं, ही लक्ष्मी नव्हेच,’’ ते हसत म्हणाले. ‘‘ही इराणाकडची अर्दोक्शो. हातात फळांनी भरलेलं शिंग आहे बघ. वर्षभर परकीलाच हळदकुंकू वाहिलंस तू.’’

मीही हसलो. त्याची मला अजून लाज वाटते. वहिनी भात वाढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नाणं स्वच्छ पुसून सदानंदरावांच्या पेटीत ठेवलेलं होतं. ‘‘तुमची तुम्हांला,’’ एवढंच त्या म्हणाल्या. देवघरातली ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली.

‘‘तिची समजूत काढायला हवी रे,’’ सदानंदराव कचेरीत अधूनमधून म्हणत. पण खोटं त्यांना बोलवेना, आणि खरं तर सांगून झालं होतं. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, पहिल्या साली वहिनी तीन दिवसांत गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी ते घामाघूम होऊन माझ्या दारात उभे राहिले. काळबादेवीच्या एका शेटजींकडे त्यांनी गुप्त राजांची नाणी ओळीने मांडलेली पाहिली होती. पहिल्यावर तीच देवी, तेच सिंहासन, हातात तेच शिंग. पुढच्या राजाच्या नाण्यावर शिंग गेलेलं आणि हातात कमळ आलेलं.

‘‘इथं राहता राहता लक्ष्मीच झाली ती,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी वहिनी चुकली नव्हती रे. मीच अर्धं वाचलं होतं. तिला सांगायला म्हणून तडक घरी गेलो. कुलपात किल्ली घातली, तेव्हा आठवलं.’’

मी पाणी आणलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. ‘‘बस जरा,’’ म्हणाले, आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागले. विद्वानांचा एकही शब्द न वापरता, वहिनींना कळेल असं, सावकाश.