पहाटेचा थर्मामीटर

चर्चमधल्या लग्नपूर्व शिबिरात आज एका मुलीने मला विचारलं, "आंटी, कुटुंबनियोजन नैसर्गिक पद्धतीने खरंच निभतं का?" शेजारी तिचा होणारा नवरा मान खाली घालून नखं बघत बसला होता. त्याला पाहून मला आमचं तरुणपण आठवलं.

धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणात मी मरता मरता वाचले. एवढ्यात पुन्हा दिवस जायला नकोत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. गोळ्या किंवा ऑपरेशन आमच्या धर्माला मान्य नव्हतं, आणि भीती तर दोघांनाही होती. मग चर्चमधल्या एका सिस्टरने आम्हाला शिकवलं: रोज उठल्याबरोबर अंगाचं तापमान बघायचं, शरीराच्या खुणा ओळखायच्या आणि जोखमीच्या दिवसांत दूर राहायचं.

माझा नवरा फ्रान्सिस कंटाळेल असं मला वाटलं होतं. पण पहाटे थर्मामीटर तोच माझ्या हातात द्यायचा. एकदा मी विचारलं, "तुला राग नाही येत?"

"येतो की," तो म्हणाला. "मग जातो वाडीत, केळींना पाणी सोडतो."

माझ्या नणंदेने ऑपरेशन करून घेतलं. तिचाही संसार सुखाचाच झाला. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं, की निभतं, पण दोघांनी मिळून. ऐन तारुण्यात माझ्यासाठी थांबलेल्या माणसाबरोबर म्हातारं होणं मला फार सोपं जातंय.