आयदिनची चौथी पट्टी

मी कलमकश आहे. म्हणजे कोऱ्या कापडावर कलमाने नक्षी काढून देणारी. आमच्या नुराता गावात गेल्या चाळीस वर्षांत ज्या पोरींची लग्नं झाली, त्यांच्यातल्या निम्म्याजणींच्या सुझनीवरची फुलं माझ्या हातची. बायका फक्त रेशीम भरतात आणि मिरवतात, मला कोणी विचारत नाही. असो, तो माझा जुना राग आहे.

सुझनी म्हणजे लेकीबरोबर सासरी द्यायचं, भिंतीवर टांगायचं भरतकाम. ती कशी होते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जाडसर सुती कापडाच्या चार पट्ट्या टाचून एकत्र करायच्या, त्यावर मी सबंध नक्षी काढायची, मग टाके उसवून पट्ट्या पुन्हा वेगळ्या करायच्या आणि घरातल्या बायकांनी एकेक वाटून घ्यायची. लग्नाआधी चारही जोडायच्या. जोडताना अर्धं फूल इकडचं, अर्धं तिकडचं, कधी नीट जुळत नाही, ते चालतं. आणि एक शेवटची गोष्ट. सुझनी पुरी करायची नाही. एखादं पान, एखादी पाकळी कोरी सोडायची. काम संपलं की लेकीचं आयुष्य संपतं म्हणतात. हे मी चाळीस वर्षं पोरींच्या आयांना तोंड वर करून सांगत आले.

शेजारच्या हासियात-आपाची लेक आयदिन. ती सात वर्षांची होती तेव्हा मी तिच्या सुझनीची नक्षी काढली. एक पट्टी आपाने घेतली, एक तिच्या बहिणीने, एक तिच्या नणंदेने, आणि चौथी खुद्द आयदिनने मागून घेतली. पोरगी गोड होती पण बुडाला भिंगरी. बाराव्या वर्षी तिने एक देठ भरला तो असा गुंतवला की मी उसवायला निघाले, तर रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं. मग तो देठ तसाच राहिला. पुढच्या सात-आठ वर्षांत तिने एक पान भरलं, अर्धी चांदणी भरली आणि एक डाळिंब सुरू केलं. तेवढंच. आपा ओरडायची, मी ओरडायचे, ही हसायची.

लग्न वसंतात ठरलं होतं, पण नवऱ्या मुलाला रशियात कामावर जायचं होतं म्हणून पानगळीतच उरकलं. तीन पट्ट्या तयार, चौथी ओकीबोकी. तीनच जोडून कशा पाठवणार? आपाने बाजारातला गालिचा दिला. आयदिनची सासू मस्तुरा ही तर स्वतः सुईकाम करणारी, तिच्या नजरेतून काय सुटणार. पाहुण्यांसमोर म्हणाली, आमच्या सुनेची भिंत उघडीच आली. आपाला ते फार लागलं. पण आयदिन माहेरी आली की म्हणायची, "राहू दे ना आई. म्हातारी झाले की बसून भरेन. तेव्हा दुसरं काम काय असणार."

सव्वा वर्षाने भर हिमात ती बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी रक्त जायला लागलं ते थांबेना, आणि बर्फात गाडी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिला न्हाऊ घालायला मदत केली. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सगळ्या बायका उठून गेल्यावर आपाने माझा हात धरला. म्हणाली, "एकच पान सोडतात ना गं, करामत? माझ्या पोरीचं तर अख्खं कापड कोरं राहिलं होतं. मग तिला शंभर वर्षं का नाही मिळाली?"

त्या दिवसापासून मी कुणालाही ते पान सोडायला सांगत नाही. सोडायचं तर सोडा, भरायचं तर भरा.

मूल बापाच्या घरचं, तसं ते मस्तुराकडे राहिलं. बाप पुन्हा रशियात गेला आणि वर्षाच्या आत त्याने तिकडे दुसरं लग्न केलं. मस्तुराने नातीचं नाव तुर्सुनोय ठेवलं. तुर्सुन म्हणजे राहा, टिकून राहा. मस्तुराने स्वतःची दोन मुलं लहानपणीच पुरलीत, तिची भीती मला कळते. पण त्या भीतीपायी तिने आयदिनचे कपडे, ओढण्या, कंगवासुद्धा घराबाहेर काढला. तरुण मेलेल्या बाईचं काही बाळाजवळ नको म्हणे. हासियात-आपाला आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, नातीला मांडीवर घ्यायला मिळायचं. तेवढ्यावर ती जगत होती.

पोर वर्षाची झाली, पाळण्यातून निघून गोधडीवर आली. ही पहिली गोधडी आईच्या आईनेच द्यायची, हा हक्क मस्तुरालाही मोडता येईना. पण तिने अट घातली. ठिगळं मागून आणायची, आणि तीही ऐंशी उलटलेल्या, लेकरंबाळं धडधाकट असलेल्या माणसांच्या कपड्यांची. तशी आमच्याकडे रीतच आहे, त्या ठिगळांबरोबर त्यांचं वय बाळाला लागतं. "तुमच्या घरातलं एक सूतही नको, विहीणबाई," असं मात्र मस्तुरा तोंडावर बोलली. ते रीतीत नाही.

आपा आणि मी दोघी घरोघर फिरलो. ब्याण्णव वर्षांच्या होलबोय बाबांनी तर अंगातल्या विजारीचाच पाय पुढे केला, काप म्हणाले, मला आता कुठे लग्नाला जायचंय. त्यांची सून तोंड लपवून हसली आणि आतून जुना सदरा घेऊन आली. वर्षभरात पहिल्यांदा मी आपाला हसताना पाहिलं. चाळीस तुकडे जमले.

घरी येऊन तिने पेटी उघडली आणि आयदिनची पट्टी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "ही आत घाल. अस्तर आणि कापसाच्या मध्ये. वरून कुणाला दिसायची नाही. पोरीच्या पाठीखाली तिच्या आईच्या हातचं काहीतरी असू दे, बाकी मला काही नको."

मी भांडले. म्हटलं मस्तुराला कळलं तर शुक्रवारही जाईल. आणि माझी नक्षी, तिला कात्री लावायची? आपाने पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. मग मीच कात्री घेतली. भरलेला भाग तेवढा कापला, चार तुकडे झाले. गुंतलेला देठ. पान. अर्धी चांदणी. आणि डाळिंब, ज्याचा खालचा भाग लाल रेशमाने भरलेला आणि वर माझी नुसती रेघ, आणि पुन्हा सुरू करायला सोपं जावं म्हणून आयदिनने गाठ मारून लोंबता सोडलेला धागा. तो धागा कापायचं माझ्या जिवावर आलं. गुंडाळून तसाच आत घातला. चार कोपऱ्यांत चार तुकडे, त्यावर कापूस, आणि मी आयुष्यात घातले नसतील इतके बारीक टाके.

शुक्रवारी गोधडी घेऊन गेलो. अंगणात बायका जमल्या होत्या, चहा होता, हलवा होता. मस्तुराने गोधडी पसरली, ठिगळं पाहून तिला बरं वाटलं, होलबोय बाबांचा सदरा तिने लगेच ओळखला. मग तिने ती उलटी केली आणि अस्तरावरून तळवा फिरवला. एका कोपऱ्यावर तळवा थांबला. मग दुसऱ्या. मी हातातली वाटी खाली ठेवली. मेलीची चाळीस वर्षं सुईत गेलेली, अस्तराखालचे रेशमी टाके तिच्या बोटांना कळणार नाहीत असं आम्हाला वाटलंच कसं कोण जाणे.

"कापूस नीट पिंजलेला नाही," मस्तुरा म्हणाली. "गाठी लागतायत."

"बोटं म्हातारी झाली, विहीणबाई," आपा म्हणाली.

"मी पिंजून घेईन."

तिने गोधडीची घडी घातली. आपाने नातीला जरा जास्त वेळ मांडीवर धरलं, तिच्या टाळूचा वास घेतला आणि उठली.

चार दिवसांनी मस्तुरा आपाच्या दारात आली. मी तिथेच होते. आपाने बस म्हटलं तर बसली नाही, भाकरी पुढे केली तर मोडली नाही. आमच्याकडे दारात आलेला माणूस भाकरी मोडत नाही म्हणजे संबंध संपला. तिने एक पुडकं कट्ट्यावर ठेवलं.

"तुमचं काहीतरी माझ्या कापसात राहिलं होतं," ती म्हणाली. "आता शुक्रवारी येऊ नका."

गेली. तिच्या पाठीकडे बघून मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आपाने पुडकं सोडलं. आतले तुकडे इस्त्री करून नीट घडी घातलेले होते. देठ, पान, चांदणी. आपाने पुडक्याचं कापड झटकलं, उलटं करून पाहिलं, कट्ट्याखाली वाकून पाहिलं. डाळिंब नव्हतं.

मी चपला घातल्या. म्हटलं थांब, आत्ता जाते आणि तिच्या तोंडावर विचारून आणते, असं कसं एक विसरली.

आपाने माझ्या झग्याचं टोक धरलं. "बस खाली," ती म्हणाली. "विचारलंस तर तिला नाही म्हणावं लागेल."

मला कळायला वेळ लागला, मी आहेच जराशी जाड डोक्याची. अंगठ्याएवढं जाड रेशीम, वर गाठ मारलेला धागा. मस्तुरासारख्या बाईला तीन सापडतात आणि चौथा सापडत नाही?

याला आता दोन वर्षं झाली. आपा त्या घरी जात नाही. तुर्सुनोय गल्लीत खेळते, आपा कोपऱ्यावर उभी राहून बघते, पोर तिला ओळखत नाही. एकदा पोरीने तिला कुणाची आजी म्हणून विचारलं, तर आपा शेजारची म्हणाली आणि घरी येऊन दिवसभर जेवली नाही.

झऱ्यावर पाण्याला जाताना मस्तुराचं अंगण माझ्या वाटेत लागतं. उन्हं आली की गोधडी दोरीवर असते. तीन कोपऱ्यांवर साधा धावदोरा आहे. चौथ्यावर दुहेरी टाका घातलाय, लाल रेशमाचा, आतलं काही हलू नये असा घट्ट. अस्तर पांढरं आहे, तिथे लाल धाग्याचं काही काम नव्हतं.

परत येताना मी आपाच्या दाराशी थांबते.

"आज वाळत घातली होती," मी सांगते.

"कोपरा?"

"शिवलेला आहे."

"बरं," आपा म्हणते, आणि चुलीवर चहाचं पाणी ठेवते.