चपला बाहेर

वडिलांच्या डोक्यावर वहाणा होत्या. नव्या. करकर वाजणाऱ्या. महाडच्या बाजारातून त्याच दिवशी घेतलेल्या.

आम्ही दोघे बाजारातून परतत होतो. आमचं गाव पोलादपूर तालुक्यातलं. वस्तीकडे जायची वाट खोतांच्या घरासमोरून जायची. तिथे पोचण्याआधी आमच्या माणसांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, असा रिवाज होता. त्या दिवशी वडील माझ्याशी बोलण्याच्या नादात विसरले.

ओटीवरून आवाज आला. "काय रे, पायात?"

वडील वाकले. वहाणा काढून हातात घेतल्या.

"हातात नाही. आज डोक्यावर घे. म्हणजे पुढच्या वेळी आठवण राहील."

ओटीवरची माणसं हसली. वडील थांबले. मान खाली, वहाणा हातात, पण थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मग त्यांनी वहाणा डोक्यावर ठेवल्या, एका हाताने धरल्या आणि चालू लागले. मी मागून त्यांचे उघडे तळवे बघत चाललो.

घरी आई काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "नव्या हायत. रस्त्यानं फुकट झिजल्या असत्या." आणि हसले.

वडिलांची धाकटी बहीण, ठकूआत्या, तेव्हा लग्नाची व्हायची होती. चुलीपाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"दादा थांबला व्हता काय रे?"

"थांबले होते."

"मंग बरं," ती म्हणाली आणि फुंकणी उचलली.

हे आता लिहायचं कारण वेगळं आहे. दर जयंतीला आमच्या वस्तीतली पोरं माझी एक गोष्ट सांगतात. बँकेचा साहेब आपल्या माणसांना काचेच्या खोलीबाहेर चपला काढायला लावायचा, आणि आपल्या काकांनी, साध्या शिपायाने, साहेबासमोर उभं राहून ते बंद केलं. टाळ्या पडतात. गेल्या जयंतीला मला शाल दिली. मी ती घेतली, अंगावर पांघरून बसलो.

ती गोष्ट अर्धी खोटी आहे. साहेबाने तसा हुकूम कधीच दिला नव्हता. तो मी दिला होता.

मी पोलादपूरला एका बँकेत शिपाई होतो. नव्वदच्या सालापर्यंत तिथे चांगला मुरलो होतो. हेड कॅशियरना चहा नेऊन द्यायचो तेव्हा ते पेला माझ्या हातून घेत नसत. टेबलाकडे बोट करत. मी पेला ठेवायचो, हात मागे घ्यायचो, मग ते उचलायचे. कधी वाईट बोलले नाहीत. दिवाळीला पोस्तही द्यायचे. तेही टेबलावर ठेवायचे.

पण बँक तेव्हा माणसांची होती, हे मी सांगितलं पाहिजे. पितळेचं टोकन हातात घेऊन लोक बाकावर बसायचे. जाळीमागून नंबर पुकारला जायचा. ज्याचा नंबर, तो कानाने अधू असेल तर शेजारचा त्याला ढोसायचा. उमरठकडची, आंबेनळी घाटाच्या पायथ्याची माणसं सकाळच्या एसटीने यायची आणि काम होईपर्यंत एकमेकांच्या घरची सगळी खबर घ्यायची.

त्यातले बरेच अंगठेवाले. त्यांचा अंगठा उठवायचं काम माझ्याकडे. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणूस अंगठा जोर लावून दाबतो आणि कागदावर नुसता काळा गोळा उठतो. अंगठा दुसऱ्याच्या हातात सैल सोडावा लागतो. "सैल सोड मावशे, सैल," मी दिवसभर म्हणायचो. कुणाचा हात कुळवाने चिरलेला, कुणाचा चुलीने भाजलेला. मी तो हातात धरायचो, हळूच एका कडेकडून दुसऱ्या कडेला लोळवायचो. टेबलाकडे बोट केलं नाही कधी. तेवढा एक अभिमान माझा.

शाई पुसायला लोक डोक्यावरून हात फिरवायचे, नाहीतर माझ्या स्टुलामागच्या भिंतीला बोट घासायचे. ती भिंत कंबरेपर्यंत काळी झाली होती. एक म्हातारा दर खेपेला नवीन माणसाला दाखवायचा, "ह्यो बघ, ह्यो माझा. गेल्या सालचा हाय. माझं घर गळतंय पन ह्यो अजून हाय."

मग कॉम्प्युटर आला. भिंत रंगवली. टोकनं पोत्यात भरून माळ्यावर गेली. अंगठेवाल्यांसाठी एक वार ठरला, बुधवार. इतर दिवशी थोडी रक्कम काढायची असेल तर खिडकीवरचा क्लार्क मान वर न करता म्हणायचा, "मशीन."

पैसे काढायचं मशीन बँकेला लागूनच बसवलं होतं. काचेची खोली, आत थंड हवा, पांढऱ्या फरशा. नवीन मॅनेजर पुण्याकडचे, तरुण, बोलायला गोड. मला नावाने हाक मारली नाही कधी, काकाच म्हणायचे. "काका, आता तुम्ही मशीनचे साहेब. दारात बसा आणि लोकांना शिकवा." मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी नोकरीच्या जागी पाठ टेकून बसलो.

अंगठेवाल्यांना बँक कार्ड देत नव्हती. पण मुंबईत कामाला असलेली त्यांची पोरं आईबापाबरोबर जोडखाती काढायची, आपल्या नावचं कार्ड घ्यायची आणि गावाला येणाऱ्याच्या हाती आईबापाकडे पाठवून द्यायची. ती माणसं कार्ड फडक्यात बांधून आणायची आणि मला म्हणायची, "तू दाब रे बाबा." मी आत जाऊन बटणं दाबायचो. आता त्यांचा हात धरावा लागत नव्हता.

पावसाळा आला. आमच्याकडची लाल माती तुम्हाला माहीत आहे. पांढऱ्या फरशीवर ती सांडलेल्या रक्तासारखी दिसते. साहेब दारात आले, फरशीकडे बघितलं. "काका, ही माती बघा हो जरा. उद्या वरून लोक येणार आहेत." बास, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी दारात गोणपाट टाकू शकलो असतो. पुढे टाकलंच. सुचायला काही अवघड नव्हतं.

पण तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेला एक माणूस आला, चिखलाने भरलेला. आणि मी खुर्चीतून न उठता म्हणालो, "चपला बाहेर."

आवाज माझाच होता. त्यातला चढ कुणाचा होता, तेही मला त्याच क्षणी कळलं. कळलं, तरी तो तोंडात गोड लागला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्या माणसाने चटकन चपला काढल्या. काचेतून आत डोकावला. "आत देव हाय काय?"

"हाय. नोटा देणारा."

"मंग नारळ आनायला पायजे व्हता की!"

दोघेही हसलो. माझं ते हसणं वडिलांच्या हसण्याच्या अगदी उलट होतं. ते स्वतःची लाज झाकायला हसले होते.

दुसऱ्या दिवशी कुणाला सांगावंही लागलं नाही. वस्त्यांवरची माणसं आपण होऊन दारात चपला काढू लागली. ओळ लागायची, देवळाबाहेर लागते तशी. दुकानदार, मास्तर, रस्त्याचे कंत्राटदार बूट घालून आत जायचे. महाबळेश्वरला निघालेली मुंबईची कुटुंबं गाडी थांबवून, चिखलाचे बूट घेऊन सरळ आत शिरायची. त्यांना मी उठून दार उघडून द्यायचो. ती गेली की फरशी पुसायचो. बुटांची माती पुसायची, चपलांची अडवायची. ही वाटणी मला कुणी सांगितली नव्हती. सांगायची गरज नव्हती.

असे दोन पावसाळे गेले.

मग एके दिवशी ठकूआत्या आली. आंबेनळीखालच्या गावात तिला दिलेलं होतं. एरवी बुधवारी यायची, तिचा अंगठा खिडकीवर मीच उठवायचो. त्या दिवशी बुधवार नव्हता. क्लार्कने तिला मशीनकडे पाठवलं. मुलाने धाडलेलं कार्ड कमरेच्या पिशवीत होतं. पाऊस चालू होता. दारात तिने इकडेतिकडे बघितलं, ओळीतल्या चपला बघितल्या. वाकून आपल्या काढल्या. खाली ठेवल्या नाहीत. दोन्ही उचलून छातीशी धरल्या.

"हातात चालतात ना रे?" तिने विचारलं.

आत एक मुंबईचा माणूस उभा होता. त्याच्या बुटांखालून लाल पाणी फरशीवर पसरत होतं. आत्याने ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी त्या वेळी उठायला हवं होतं. तिच्या पायांपाशी बसून त्या चपला तिला घालायला हव्या होत्या. वस्तीतली पोरं सांगतात तो माणूस तेच करेल.

मी म्हणालो, "चालतात."

तो माणूस बाहेर पडला. आम्ही आत गेलो. तिने आकडे माझ्या कानात सांगितले, मी दाबले. ती त्या गढूळ पाण्यात अनवाणी उभी होती. नोटा आल्या. एका हातात चपला असल्यामुळे तिला त्या नीट घेता येईनात. मी काढून तिच्या पिशवीत घातल्या.

बाहेर रस्त्यावर जाऊन तिने चपला जमिनीवर ठेवल्या, पाय घातले. मग परत फिरून माझ्या खुर्चीपाशी आली. आवाज चढवला नाही.

"खोतानं सांगितलं तवा तुझा बापूस थांबला तरी व्हता. मी थांबली पन नाय. मला वाटलं, आपलाच पोर सांगतोय."

एसटी लागली होती. ती गेली.

बँक सुटायच्या आधी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "साहेब, उद्यापासून दारात चपला काढायचं बंद."

ते गोंधळले. "मी कधी सांगितलं होतं काढायला?"

खरं होतं.

"पण काका, बरं चाललंय की. खोली स्वच्छ राहते, लोकांनाही सवय झालीय. राहू दे."

राहू दे. त्या शब्दांनी माझ्या डोळ्यांवरचं झापड गळून पडलं. त्यांना सगळं दिसत होतं. चपलांची ओळ त्यांच्या खिडकीतून रोज दिसत होती. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि थांबवलंही नव्हतं. खोताला निदान स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं होतं. इथे साहेबांचं तोंड स्वच्छ राहिलं होतं, कारण त्यांना मी मिळालो होतो.

मी म्हणालो, "मग बूटही बाहेर काढायला लावतो. सगळ्यांचे. तुमच्यापासून."

ते हसले. मग हसायचे थांबले. "गावातले प्रतिष्ठित लोक येतात हो काका इथे."

"मग चपलाही आत येतील. आणि आमच्या माणसांची माती मी अडवणार नाही. दुसरा माणूस बघा."

दाराशी क्लार्क फाईल घेऊन उभा होता. त्याने हे बाहेर सांगितलं. एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाता जाता गोष्टीचा आधीचा भाग गळाला. साहेबाचा हुकूम, काकांचा नकार, एवढंच वस्तीत पोचलं. लोक माझ्या पाठीवर थाप मारू लागले. मी दुरुस्त केलं नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली, नंतर उशीर झाला असं वाटलं, आणि मग ती गोष्ट मला आवडू लागली.

पण चपला? त्या आत आल्या नाहीत. मी दारात उभा राहून सांगायचो, "घालून या, घालून या." लोक मान हलवायचे आणि काढायचेच. एक बाई म्हणाली, "असू दे भाऊ, आमाला सवय हाय." मी निवृत्त झालो त्या दिवशीही त्या दारात चपलांची ओळ होती. माझा एक शब्द त्यांनी ऐकला होता, दुसरा ऐकला नाही.

आत्या पुन्हा बँकेत आली नाही. बुधवारीही नाही. मुलगा सुट्टीवर आला की रोख आणून द्यायचा, ती डब्यात ठेवायची. मी एकदा तिच्या घरी गेलो. म्हणालो, "आत्ये, बँकेत येत जा. मी अंगठा घेईन."

ती भात वारत होती. सूप थांबलं नाही. "तुझ्या हातात माझा अंगठा आता सैल पडायचा नाय," ती म्हणाली. चहा दिला. निघताना दारापर्यंत आली. पण ते वाक्य तिने मरेपर्यंत मागे घेतलं नाही, आणि मीही घे म्हणालो नाही.

परवा मी बँकेत गेलो होतो. आता खिडकी अर्धा दिवस उघडी असते. दारात आमच्याच वस्तीतला एक जण गणवेशात उभा होता. पासबुक घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला सांगत होता, "आता फोनवर होतं सगळं. आत गर्दी करू नका." म्हातारा निमूट पायरी उतरू लागला.

मी विचारलं, "हे तुला साहेबांनी सांगितलं?"

त्याने केबिनकडे बघितलं, मग खाली. "सांगितलं नाय काका. पण त्यांना गर्दी आवडत नाय."

मी त्या म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला खिडकीपुढे नेऊन उभा केला.

या जयंतीला मी शाल परत देणार आहे. हे सगळं तिथे उभं राहून वाचणार आहे, आत्याची नातवंडं समोर बसलेली असताना. मला माफी नको. जिची मागायची ती गेली, आणि तिने दिली नव्हती. ऐकून ज्याला उठून जायचं असेल त्याने जावं.

त्यानंतर पाय चालतात तोवर माझं एकच काम. जिथे आपला माणूस दारात उभा राहून आपल्या माणसाला अडवत असेल तिथे मी जाणार. पायात चपला घालून. त्याला विचारणार, हे तुला कुणी सांगितलं? आणि तो नाव सांगेपर्यंत, किंवा स्वतःचं नाव घेईपर्यंत, त्या दारातून हलणार नाही.