कानात मारलेली फुंकर

मी जुन्या हाडांमधून डीएनए काढते. आमच्या ताडकळसकडच्या गावात हे कुणाला कधी नीट कळलं नाही. "मड्याची डाक्टर हाय," एवढं म्हणून लोक मोकळे होतात. म्हणोत बापडे.

माझा राग आहे काकूवर. मी पाळण्यात असताना आई गेली आणि चुलत्याच्या बायकोनं, म्हणजे या काकूनं, मला वाढवलं. तिला स्वतःचं लेकरू झालं नाही. तरी गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातची न्हालेली. कुणाकडं बाळंतीण आली की काकूला बोलावणं ठरलेलं. पायांवर बाळ घ्यायचं, टाळू भरायची, कानात तेल सोडायचं, शेवटी दोन्ही कानांत फुंकर मारायची. घरोघर तिचं नाव काकूच पडलं, मीही तेच म्हणत आले.

तर मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरामागच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात, पाण्याच्या टाकीसाठी जेसीबी लावला होता. खड्ड्यात हाडं लागली. चुलत्यानं पुण्याला मला फोन केला. एक बाई आणि तिच्या छातीशी एक तान्हं लेकरू, असं त्यानं सांगितलं. मी जागीच उभी राहिले. आमच्याकडं इतकं जुनं दफन कुठं रोज सापडतं!

"कुणीही हात लावायचा नाही," मी फोनवर ओरडून सांगितलं. "पुरातत्त्व खात्याची माणसं घेऊन मी उद्या येते. कापड टाका आणि लांब व्हा."

काकूनं फोन ओढून घेतला. "तुला त्यातलं कोणतं हाड लागतंय?"

"कानामागचं. पण हात नको लावूस, काकू!"

"न्हाई गं, माय," ती म्हणाली. आणि मी विश्वास ठेवला. कपाळ माझं!

आपल्याकडचं ऊन डीएनएचा जीव घेतं. माणूस मेला की डीएनए तुटायला लागतो, तुकड्यांचे तुकडे होतात, त्यात मातीतल्या जंतूंची खिचडी होते. काही उरलंच तर कानामागच्या त्या दगडासारख्या घट्ट हाडात उरतं. त्याला जिवंत माणसाची थुंकी लागली की संपलं. जुन्या चिंध्या बाजूला राहतात आणि यंत्र नवं, धडधाकट तेवढं वाचत बसतं. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही डोळे सोडून सगळं झाकून घेतो. शिंक आली तर बाहेर पळतो.

दुसऱ्या दिवशी पोचले तर परसात उन्हाला परात. परातीत लेकराच्या कवटीचा कानाकडचा तुकडा. पिवळाधमक, तेलानं चकाकणारा.

"काकू, हे काय केलंस?"

"न्हाऊ घातलं. कानात माती गच्च बसल्ती. कोमट पाणी घातलं, हळद लावली, तेल सोडलं, फुंकर मारली. बघ आता कसं लख्ख झालंय."

"मी हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"आगं, लेकरू हाय ते! असं मातीत माखलेलं परगावी पाठवतेत का कुणी?"

पालथ्या घड्यावर पाणी! मी तोंडाला येईल ते बोलले. जन्मात एकदा मिळणारी गोष्ट होती, वाटोळं केलंस, तुझी ही नसती उठाठेव नेहमीचीच. खात्याची माणसं खड्ड्याकडं वळली. चुलता म्हणाला, "मी सांगत होतो." त्याचाही मला संताप आला. सांगत होता तर परात कुणी आणून दिली?

बाईच्या हाडांना मात्र तिनं बोट लावलं नव्हतं. "बाईमाणूस उघडी पडल्ती. लांबूनच पातळ टाकलं अंगावर," म्हणाली.

मग खात्याचे साहेब दोन पेट्या मांडायला लागले तशी ती पुढं झाली. "येगळं कामून करायलेत? ती त्याची मायच असंल ना?"

साहेब म्हणाले, आमच्याकडं लहानांची हाडं वेगळ्या कपाटात ठेवतात. आई-लेकरू असल्याचं तपासणीत ठरलं, तर एका पेटीत ठेवू.

काकूनं माझा दंड धरला. "तू सांग मला. ती त्याची माय हाय का न्हाई, एवढंच सांग. मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

हाडाला हात लावलेल्या प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घ्यावा लागतो. तिचाही घेतला. तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं.

पुण्यात महिनोन् महिने त्या हाडांशी झगडले. बाईच्या कानामागच्या हाडात डीएनए निघाला. थोडाच, टोकांना झिजलेला, पण अस्सल जुना. मला रडू आलं. लेकराचं हाड वरून खरवडलं, औषधानं धुतलं, आतलं चूर्ण घेतलं. पण फुंकरीतल्या थुंकीसकट तेल आणि पाणी थेट आतवर मुरलेलं. तिथं जे मिळालं ते स्वच्छ, भरपूर आणि आजचं. फक्त आईकडूनच लेकराला जो भाग येतो तो काकूच्या नमुन्याशी जुळवून पाहिला. अक्षराला अक्षर जुळला. लेकराचा स्वतःचा म्हणावा असा तुकडा त्यात सापडला नाही. अर्धं उत्तर हातात आणि अर्धं परातीत! मी हातातले मोजे काढून फेकले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा काकू भाकरी थापत होती. तिनं विचारलंच. "काय निघालं गं?"

"नातं ठरवता आलं नाही. पेट्या वेगळ्याच राहणार." मी पुण्याहून घोकून आणलेला राग बाहेर काढला. "लेकराच्या हाडात त्याचं काही उरलंच नाही. तूच निघालीस तिथं. यंत्राला विचारलं तर ते म्हणतंय, त्याची माय तू."

भाकरी तिच्या हातातच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंडावर अपराधीपणही होतं आणि दुसरंही काहीतरी, जे मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"असं कसं म्हणंल ते?" ती हळूच म्हणाली. "म्या तर नुस्तं न्हाऊ घातलं त्याला."

माझा उरलेला राग तोंडातच राहिला. मलाही तिनं नुसतं न्हाऊच घातलं होतं.